पाच पेट्या आणि माझा हार घालतानाचा फोटो

अविराजने आपला मोबाईल पाण्याने भरलेल्या बादलीत सोडला, तेव्हा देवळापुढे जमलेले दोनशे लोक माना उंचावून बघू लागले. दोन बुडबुडे आले आणि पडदा काळा झाला. मग तो म्हणाला, "आता आपापल्या फोनवर बघा." बघितलं, तर मिनिटभरापूर्वी त्याने लिहिलेली नोंद प्रत्येकाच्या फोनवर जशीच्या तशी होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले.

"फोन मेला, नोंद जगली," अविराज म्हणाला. "हिला म्हणतात ब्लॉकचेन, नोंदींची साखळी, नव्या जमान्याचं इंटरनेट. हिला मालक नाही, साहेब नाही. आजवर इंटरनेट चार कंपन्यांच्या मुठीत होतं, आजपासून ते तुमच्या देवळात आणि तुमच्या शाळेत राहणार. आणि यात एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही."

अविराज बारामतीचा. आमच्या पाणी संस्थेचे चेअरमन बापूसाहेब यांनी त्याला बोलावलं होतं. अंथुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीत कुणी कोणत्या वारी किती तास पाणी घ्यायचं ते ठरलेलं असतं. ती नोंद एका वहीत, वही सेक्रेटरीकडे, आणि वहीत खाडाखोड करायची पांढरी शाईही सेक्रेटरीकडेच. त्यावरून दरसाल डोकी फुटायची. त्यामुळे कुणालाही पुसता न येणारी वही आम्हाला खरोखरच हवी होती, हे आधीच सांगून टाकतो.

आता माझी ओळख. मी इथल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी बाबा-महाराज उघडे पाडले. नारळातून निघणारे केस आधी आत कसे घालतात ते भर जत्रेत दाखवलं. जिभेवर कापूर जाळला. नरसिंहपूरला एका महाराजाच्या बाहीतली विभूतीची पुडी मी स्वतः ओढून काढली. चमत्कार म्हटला की गुरुजींचा हात स्क्रू-ड्रायव्हरच्या पिशवीकडे जातो, असा माझा लौकिक.

त्या दिवशी हात गेला नाही. अविराजच्या अंगात काळ्या टी-शर्टाऐवजी कफनी असती तर दोन मिनिटांत त्याला झाडलं असतं. पण त्याच्याकडे लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपवाल्याला अडाणी प्रश्न विचारायची मला लाज वाटली. म्हणून मी हुशारीचा प्रश्न विचारला. पेपरच्या पुरवणीत वाचलेला एक इंग्रजी शब्द घालून विचारलं. तो म्हणाला, "सर, अख्ख्या तालुक्यात हे विचारणारे तुम्ही पहिलेच." मी तिथेच विरघळलो.

त्याने पाच पेट्या आणल्या होत्या. डब्याएवढ्या, जड, वर निळा दिवा लुकलुकणारा. प्रत्येक पेटीत वहीची पूर्ण नक्कल, आणि एकीत कुणी फेरफार केला की बाकीच्या चार बोंब मारणार, असं त्याने सांगितलं. सील मात्र तोडायचं नाही. मी उठलो, विज्ञानयुगावर वीस मिनिटं बोललो आणि पाण्याच्या पाळ्या दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यापुढे ठेवलेल्या पेटीला स्वतःच्या हाताने हार घातला. फोटो पेपरात आला. मी तो मोठा करून, चौकट करून बैठकीत लावला.

देवळातल्या पेटीला बायका हळदीकुंकू वाहू लागल्या. मी त्यांना हसलो, आणि शाळेतली पेटी रोज सकाळी मऊ फडक्याने पुसू लागलो.

तिसऱ्या महिन्यात प्रयागबाई आली. एकटी बाई, अर्ध्या एकरावर कारल्याचा मांडव, माल इंदापूरच्या बाजारात नेते. वर्षाचं सगळं त्या मांडवावर.

"गुरुजी, माजं गुरुवारचं पाणी गेलं कुठं? दोन गुरुवार झालं, पाण्याची दारं धरायला गेलं की बापूसाहेबांचा गडी म्हणतो, फोनात बघा."

मी फोनात बघितलं. "तुमचा वार रविवार हाय, प्रयागबाई. दुपारी बारा ते तीन."

"रविवारी दुपारी शेतीची लाईट असती व्हय? त्या टायमाला कोन पाणी घील?"

"साखळीत तसं लिवलंय. ती बदलत न्हाय. तुमालाच इसर पडला असंल."

"वीस वर्सं गुरुवारचा उपास धरून पाणी देती मी. मला इसर पडंल?"

मी तिला पाच पेट्या समजावून सांगितल्या. कागदावर चौकोन काढून, बाणसुद्धा दाखवले. कागद तिथेच ठेवून ती गेली. एका बाईची वीस वर्षांची आठवण एका बाजूला आणि पाच पेट्या दुसऱ्या बाजूला, आणि मी पेट्यांचा साक्षीदार झालो. हे लिहितानाही मान खाली जाते.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. पदरातून मूठभर पिवळी पडलेली, बोटाएवढी कारली काढून माझ्या बैठकीतल्या टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"ह्यो फोटू तुमीच लावलाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला वाटलं की ती फोटोचं कौतुक करणार.

"तुमच्या डोसक्याच्या मागं पडद्यावर काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

"तुमाला वाचता येतं की."

"येतं. पर तुमच्या तोंडनं ऐकायचं हाय."

मी चष्मा लावला. माझ्या फेट्याच्या वर स्वच्छ अक्षरात होतं: प्रयागबाई, गुरुवार, सकाळी सहा ते नऊ. तीन महिने मी तो फोटो रोज बघत होतो, पण त्यात फक्त स्वतःलाच बघत होतो.

त्याच संध्याकाळी देवळापुढे सभा बोलावली. बापूसाहेबांनी अविराजलाही बोलावून घेतलं. मी एका काखेत फोटो आणि दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हरची जुनी पिशवी घेऊन गेलो. फोटोतली ओळ सगळ्यांना वाचून दाखवली आणि देवळातली पेटी पुढे ओढली.

"गुरुजी, सील तोडू नका," बापूसाहेब म्हणाले.

"सर, सिस्टीम कोलमडेल," अविराज म्हणाला.

नरसिंहपूरच्या महाराजानेही बाहीला हात लावू नको म्हणून असंच बजावलं होतं, देव कोपेल म्हणाला होता. मी चार स्क्रू काढले. आत निळा दिवा होता, बॅटरी होती, आणि प्लास्टिकच्या पिशवीत किलोभर वाळू होती. बाकीच्या चारही आणवून उघडल्या. वाळू सगळीकडे सारखीच भरलेली, त्या बाबतीत मात्र नक्कल पक्की होती.

"या पेट्या प्रतीकात्मक आहेत," अविराज म्हणाला. "मूळ नोंद आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असते."

"आन ती बदलतं कोन?" प्रयागबाईने विचारलं.

तो बापूसाहेबांकडे बघू लागला. "चेअरमनचा फोन आला होता. मला वाटलं, गावाचा ठराव असेल."

गुरुवारच्या पाण्यावर बापूसाहेबांचं डाळिंब तरारलं होतं, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

बादलीतला चमत्कारही सांगतो. फोन बुडाला तरी नोंद जगली, कारण ती फोनात नव्हतीच. बारामतीच्या एका कॉम्प्युटरवर होती आणि तिथूनच सगळ्यांना दिसत होती. आम्हाला ती पुसता येत नव्हती, कारण पुसायचं बटण फक्त अविराजकडे होतं. मालक नाही म्हणत त्याने मालक लपवला होता.

खरी ब्लॉकचेन जगात आहे. तिथे नकला खरंच अनेकांकडे असतात, आणि एकाने चोरून अक्षर बदललं तर बाकीच्यांच्या नकला जुळत नाहीत. कुणाचा कुणावर विश्वास नसेल तिथे ती कामाची. पण पहिल्याच दिवशी कुणी खोटा वार लिहिला असता, तर तिने तो खोटा वारही तितक्याच इमानाने कायम जपला असता. आणि दाद मागायची तर कुणाकडे, मालकच नाही. पाणी खरंच कुणाच्या शेतात गेलं, हे साखळीला दिसत नाही. ते बांधावर उभं राहूनच बघावं लागतं.

आता आमच्याकडे पाच वह्या आहेत, पाच घरांत. दर आठवड्याला देवळापुढे पाचही मोठ्याने वाचतात आणि जुळल्या तरच सह्या होतात. एक वही प्रयागबाईकडे आहे, ती तिने मागून घेतली. गुरुवार परत मिळाला, पण निम्मा मांडव गेला तो गेला. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ द्या. फोटू काडू नका."

तो अजून बैठकीत आहे. येणाऱ्याला मी स्वतः दाखवतो: हा हार घालणारा मी, आणि ही माझ्या डोक्यामागे लिहिलेली, मला न दिसलेली ओळ. लोकहो, चमत्कार भगव्या कपड्यातला असो की काळ्या टी-शर्टातला, टाळी वाजवण्याआधी पेटी उघडून बघा. आणि पेटी उघडू नका असं सांगायला मीच आडवा आलो, तर आधी मला बाजूला करा.