चंपतरावांनी जुळवलेला रंग

मला गिरिधर हवा होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी का केलं ते कुणी विचारायला नको. १९३६ सालची गोष्ट. तो माझ्या भावाचा, अनंताचा मित्र. कामठीच्या शाळेत मास्तर होता. दिवाळीच्या सुट्टीत तो सीताबर्डीच्या आमच्या घरी आला आणि बैठकीत बसून अनंताच्या कुठल्याशा फजितीवर इतका मोकळा हसला, की चहाचे पेले घेऊन दाराआड उभी असलेली मी तशीच ऐकत राहिले. आणि मग चहा न देताच परत फिरले, कारण त्या दिवशी माझ्या हनुवटीवर तीन आणि डाव्या गालावर दोन लालबुंद पुटकुळ्या होत्या. मी त्याला पाहिलं, त्यानं मला पाहिलं नाही. महिन्याभरात त्याच्याच घरून मला पाहायला येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा मी आनंदानं माडीवर जाऊन उड्या मारल्या आणि खाली येऊन आरशापुढे रडत बसले.

त्याआधी दोन स्थळं माझं तोंड पाहून परत गेली होती. त्यामुळे कुसुमवहिनीनं, म्हणजे अनंताच्या बायकोनं, या खेपेला कंबरच कसली. संत्र्यांच्या साली वाळवून वाटल्या, मुलतानी माती थापली, चंदन उगाळलं. स्नो लावला तर दुसऱ्या दिवशी आणखी दोन पुटकुळ्या हजर. पावडर लावली तर प्रत्येक फोड पिठात घोळल्यासारखा उठून दिसे. आई म्हणायची, तोंडाला इतकं लावून राहिली तर ते रंगायचं सोडून सोलून निघेल. शेवटी वहिनीला महाल भागातले चंपतराव आठवले. हे गृहस्थ उमेदीच्या काळात नाटक मंडळीत नटांची तोंडं रंगवत, आणि आता एका बोळातल्या लहानशा दुकानात कुंकू नि बुक्का विकत बसत.

त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर, उजेडात बसवलं. हनुवटीवरच्या तीन नि डाव्या गालावरच्या दोन पुटकुळ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिली ती कानाखालची निर्मळ कातडी, आणि तीही इतका वेळ की मी अवघडून गेले.

"लालावर पांढरं थापलं का फोड अजूनच दिसते," ते वहिनीला म्हणाले. "लालाले पयले हिरव्या-पिवळ्यानं दबवायचं, मंग कातडीचा रंग. अन तेलाचा थेंब नाही."

सफेदा, पिवडी, गेरू, कसल्याशा हिरव्याचा एक कण, गोंदाचं पाणी आणि गुलाबपाणी असं ते घोटत गेले आणि त्या लेपाचं एकेक बोट माझ्या जबड्यावर टेकवून पाहत गेले. सात बोटं वेगळी दिसली. आठवं लावलं आणि ते दिसेनासं झालं. चंपतराव पुढे वाकले, नुकतं लावलेलं बोट शोधू लागले, चाचपू लागले, आणि त्यांना ते सापडेना. माझं काळीज आनंदानं धडधडत होतं, म्हणून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला तो मी पाहिला खरा, पण मनावर घेतला नाही.

"आता हा तुमचाच रंग झाला, बाई," लेप पितळी डबीत भरून देत ते म्हणाले. "कातडी कोनती अन लेप कोनता, ते मलेबी सांगता येत नाही. रात्री तोंड धुवायचं, लेप बोटानं सपाट करायचा, झाकण लावायचं. इतकं पाळजा."

मी ते सगळं पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडावरून हात फिरवला तर एकही पुटकुळी हाताला लागली नाही. आरशात पाहिलं, गाल लख्ख. आनंदानं मी डबी उघडली, आणि आदल्या रात्री सपाट केलेल्या लेपावर पाच उंचवटे आले होते. खाली तीन, डावीकडे दोन. टोकांना थोडे लालसर. मी एकावर बोट दाबलं तर माझी स्वच्छ हनुवटी ठणकली. खरं तर घाबरायला हवं होतं, पण इतक्या वर्षांनी आरशात अशी कातडी दिसल्यावर कोण घाबरतं? मी हसतच, ओठ चावून, पाचही उंचवटे एकेक करून बसवून टाकले.

पाहण्याचा कार्यक्रम झोकात झाला. बैठकीत जाता जाता आईनं माझ्या कानामागे काजळाची तीट लावली, आणि गिरिधरनं मान वर करून माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. संध्याकाळी होकार आला. तीट पुसायला गेले तर ती नव्हती. डबीच्या काठाशी होती. मी लेप सपाट केला, झाकण लावलं, आणि वहिनीला गुदगुल्या करायला धावले.

आठ दिवसांनी साखरपुडा. डबी मी कनवटीला खोचूनच पाटावर बसले. गिरिधरच्या आईंनी मेणाचा ठिपका ठेवून त्यावर कुंकू टेकवलं आणि ओटीचा खण घ्यायला वळल्या. परत पाहतात तर कपाळ कोरं. मेण धरलं नसेल, असं कुणी म्हणालं. त्यांनी दुसऱ्यांदा, अंगठ्यानं चांगलं दाबून लावलं. या वेळी सगळ्या बायका पाहत होत्या, आणि सगळ्यांच्या देखत ते आत जिरून गेलं.

"काहून वं, कपाळ कोणी पुसलं तुझं?" आई पुढे होऊन म्हणाली.

 गिरिधरच्या आईंनी साखरेचा पुडा उचलून पुन्हा आपल्या तबकात ठेवला. बाहेर बैठकीत गिरिधर अनंताशी बोलता बोलता तसाच मोकळा हसला, आणि मी उठून आतल्या खोलीत पळाले.

डबीत कुंकू होतं, एकावर एक टेकवलेलं, ओलं. सकाळीच सपाट केलेला लेप मात्र सपाट राहिला नव्हता. कुंकवाच्या खाली मधोमध एक बारीक उंच रेघ उठली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पुसट फुगवटे, मिटलेल्या पापण्यांसारखे. मला काय दिसतंय ते मला कळत होतं. पण बाहेर तो हसत होता, आणि पुडा तबकात परत गेला होता. मी बोटानं ते कुंकू खालच्या लेपासकट उचललं आणि कपाळावर लावलं. कपाळाला अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग कळ थांबली, आणि पाणीही.

मी परत पाटावर येऊन बसले. या वेळी कुंकू राहिलं. बायका हसल्या, आई रडली, पुडा माझ्या ओटीत आला आणि माझा आनंद पोटात मावेना. गिरिधरच्या आईंनी जवळ येऊन माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. मी खाली मान घालून छान हसले. त्यांचा हात मला कुठेच जाणवला नाही; कनवटीच्या डबीत मात्र काहीतरी शहारलं.