थोडं जास्त

दीड वर्षापूर्वी आलेल्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेला चौथा कागद निवृत्त आहारतज्ज्ञांनी फाडला, तशी समोर शेंगा सोलत बसलेली त्यांची ताई म्हणाली,

"अरे, किती फाडशील? कागदाची गिरणी काढलीयस का?"

"जमत नाही गं. तिने जाब विचारलाय."

पत्र एका पेशंटच्या बायकोचं होतं. नवरा अतिदक्षता विभागात, श्वासाच्या यंत्रावर. अन्न नाकातल्या नळीतून. ते किती द्यायचं हे आहारतज्ज्ञ ठरवत. बाई रोज त्यांना दारात गाठायची, "नुसता सापळा झालाय हो. थोडं वाढवा ना." पुस्तकं कोळून प्यालेल्या या माणसाला तोंडावर नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी आहार जवळजवळ दीडपट केला.

अन्न जाळताना शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायला श्वासच लागतो. थकलेल्या छातीला तेवढंही ओझं पेलत नाही. दोन दिवसांत पेशंटला धाप लागू लागली. यंत्र काढायचं ठरलं होतं, ते लांबलं. चूक लक्षात येताच त्यांनी आहार उतरवला. पण मधेच न्यूमोनियाने गाठलं आणि आठवड्याभरात तो गेला.

महिन्याने पत्र आलं. 'आहार वाढवल्यामुळेच यांचा दम वाढला का?' ही पहिली ओळ तेवढी त्यांनी नीट वाचली. पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांखालून घातलं, वाचलं असं नाहीच.

ताईने हात पुसले, पत्र ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचू लागली.

"'...मीच तुमच्या मागे लागले होते. आता मुलगी जेवायला बसली की आणखी घे म्हणायची भीती वाटते. एवढंच सांगा, माझ्यामुळे झालं का?'"

तिने पत्र परत त्यांच्यापुढे ठेवलं.

"जाब कुठाय यात?" ताई म्हणाली. "तुझं आपलं सगळं स्वतःभोवती."

त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी पाचवा कागद ओढला. या वेळी आकडे नव्हते, ग्रंथांचे दाखले नव्हते.

'हो, दम आहारामुळे वाढला. तसं झालं नसतं तर ते वाचले असते का, हे मला खरंच माहीत नाही. तुम्ही मागे लागलात, ते बायको म्हणून. नाही म्हणणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. मुलीला पोटभर वाढत जा.'

ताईने वाचलं आणि डिंकाची बाटली पुढे सरकवली.

पोस्टातल्या बाईने विचारलं, "आजोबा, साधं पाठवायचं की रजिस्टर?"

साधं पत्र वाटेत हरवू शकतं. 'साधं' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता.

"रजिस्टर," ते म्हणाले.

पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी पूर्ण नाव, पत्ता लिहिला. आणि कोणी मागितला नसतानाही घरच्या फोनचा नंबर. एरवी फोन वाजला की ते स्वतः उचलत नसत, ताईला हाक मारत. बाईने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.