चौथ्या मजल्यावरचा खोकला

आमच्या इमारतीच्या दाराशी बेलची जी पितळी पाटी आहे, तिच्यावर विश्वास ठेवायचा तर इथली निम्मी वस्ती मेलेल्यांची आहे. दुसऱ्या मजल्यावरचे नोटरी गेले, नाव आहे. तळमजल्यावरच्या जुळ्या बहिणी एकापाठोपाठ एक गेल्या, दोघींची नावं आहेत. चौथ्या मजल्यासमोर 'सर्व्हेयर फांतुत्सी' असं कोरलंय. सर्व्हेयर फांतुत्सींना जाऊन तप उलटलं, पण इटलीतल्या आमच्या या बोलोन्यात माणूस मेला तरी त्याचा हुद्दा मरत नाही. कुठल्या मयताची बेल दाबली की कोण जिवंत माणूस बाहेर येतो हे पोस्टमनपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. अडचण होते ती बाहेरून आलेल्याची, आणि ती आमच्याकडे अडचण धरली जात नाही.

त्या सर्व्हेयरच्या फ्लॅटमध्ये गेल्या सप्टेंबरात ताम्ता राहायला आली. जॉर्जियातल्या तिबिलिसीहून, दोन बॅगा आणि गोगिबेरिद्झे हे आडनाव घेऊन. जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी शिकायला आली होती. म्हणजे दिवसभर चर्चच्या भिंतीवरची शतकांची धूळ नाकाजवळ धरून खरवडायची. मुलीला दमा होता. लोक शिकायला काय निवडतील याचा काही नेम नाही.

घरमालकीण सिन्योरा नोर्मा फांतुत्सी पहिल्या मजल्यावर राहतात. पहिल्याच दिवशी त्यांनी ताम्ताला फ्लॅट फिरून दाखवला. मला बरोबर नेलं होतं, कारण मी शाळेत इतिहास शिकवतो आणि त्यामुळे परदेशी माणसांशी बोलता येतं असा त्यांचा समज आहे.

"हे कपाट उघडायचं नाही हं, बाळा. यात ह्यांचे कोट आहेत."

"बरं, सिन्योरा."

"ह्या खुर्चीवर बसायचं नाही."

"मोडकी आहे का?"

"मोडकी कशाला असेल? चांगली आहे, म्हणूनच बसायचं नाही. आणि ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलंस तर वीज जाईल. मीटर तळघरात. तळघराची किल्ली इंजिनियर तोलोमेल्लींकडे. ते दुपारी झोपतात."

"आणि इतर वेळी?"

"इतर वेळी देत नाहीत."

हे इंजिनियर तोलोमेल्ली तिसऱ्या मजल्यावर, बरोबर ताम्ताच्या पायाखाली राहतात. आयुष्यभर त्यांनी साखर कारखान्यात बॉयलर सांभाळले. आता कारखाना नाही, बॉयलर नाही, तेव्हा ते आम्हाला सांभाळतात.

पहिल्याच आठवड्यात मुलीने गुन्हा केला. कॉफीचं भांडं साबणाने घासून लख्ख केलं. नोर्माबाई सहज वर गेल्या होत्या, त्यांनी ते चकाकणारं ॲल्युमिनियम पाहिलं आणि जिन्यावर बसून रडल्या. "ह्यांच्या हातची चव होती गं त्यात! ह्यांच्या कॉफीचं पुट होतं!" मुलगी बिचारी शंभरदा माफी मागत होती. तिच्या देशात भांडी धुतात. असतात काही देश तसे.

हे सगळं चालून गेलं असतं. गाडी अडली ती रहिवासी नोंदणीपाशी. ताम्ताने घरून आणलेले दम्याचे पंप संपत आले होते. नवा पंप मिळायला डॉक्टरची चिठ्ठी हवी, डॉक्टर मिळायला तुम्ही शहराचे रहिवासी हवेत, आणि तुम्ही खरोखर सांगितल्या ठिकाणी राहता की नाही हे बघायला नगर पोलीस न कळवता घरी येतो. तो आधी बेलची पाटी बघतो. पाटीवर नाव नसेल तर शेजाऱ्यांना विचारतो. दोन खेपा घालतो. दोन्हीत माणूस सापडला नाही तर अर्ज रद्द, पुन्हा रांगेत, आणि रांग पुढच्या वर्षापर्यंत. म्युनिसिपालिटीच्या खिडकीवरच्या बाईंनी एवढं सांगून खिडकी लावून घेतली.

"फक्त बेलवर नाव हवंय, सिन्योरा," ताम्ता म्हणाली.

"आणि ह्यांचं काढू?" नोर्माबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली.

"काढू नका. खाली माझं लावू."

"खाली? ह्यांच्या नावाला भाडेकरू लटकवू?"

शेवटी ठरलं की विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये घ्यायचा. इमारतीची पाटी ही सामाईक मालमत्ता आहे, आणि सामाईक मालमत्तेला हात लावायचा तर सगळ्यांनी मिळून तो लावायचा नाही असं ठरवावं लागतं.

जिन्यात नोटीस लागली. सभा पहाटे पाच वाजता, सायकलींच्या खोलीत. कोरम न झाल्यास त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पहिल्या सभेला जायचं नसतं. तिला कोरम मोठा लागतो आणि दुसरीला थोडक्यात भागतं, म्हणून पहिली मुद्दाम कोंबड्याच्या वेळेला ठेवतात. सभेच्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर ताम्ता जिन्याच्या पायरीवर कोट घालून, मांडीवर अक्रोडाच्या पावाचं ताट घेऊन बसलेली.

"प्रोफेसर, सभा कुठे आहे?"

"झाली."

"कधी?"

"कोणी आलं नाही म्हणजे झाली."

"पण मी आले होते."

"ते कोणाला सांगू नकोस," मी म्हणालो. "उगाच सभा बेकायदा ठरायची."

पाव छान होता.

संध्याकाळची सभा नेहमीप्रमाणे झाली. ताम्ता सभासद नसल्यामुळे तिला दाराबाहेर उभं राहायची मुभा देण्यात आली. पाटीचा विषय निघताच तोलोमेल्ली उठले.

"जागा केवढी आहे ते बघा आधी. फांतुत्सी मावतं. तोलोमेल्ली मावतं. हे गोगि-गोगि-जे काय आहे ते मावायचं नाही. अक्षरं बारीक केली तर एकसारखेपणा गेला. तिला एखादं छोटं आडनाव नाही का? आईकडचं वगैरे?"

"अहो इंजिनियर, ते काय बूट आहेत का, दुसरं माप बघायला?" मी म्हणालो.

"प्रोफेसर, तुमच्या डोक्यावर नाही ती राहत. माझ्या राहते. सकाळी सहाला खुर्ची ओढते. टाचा आपटते. आणि तो खोकला! आधी दोन बारीक, मग एक लांब, मग शिट्टी. आमच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह गेला की असाच आवाज यायचा. ह्या घराची शांतता मेली त्या मुलीपायी."

मग नोर्माबाईंनी कॉफीच्या भांड्याची हकीगत पुन्हा सांगितली. चार जणींनी हळहळ व्यक्त केली. कोणीतरी म्हणालं, तिचे ओले कपडे खाली ठिबकतात. कोणीतरी म्हणालं, लसणाचा वास येतो. हे इटलीत बसून म्हणालं. मुलगी दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. शेवटी असा ठराव झाला की पितळेवर कोरणाऱ्याचं मत मागवावं आणि विषय वसंतातल्या सभेत घ्यावा.

ताम्ताने दुसऱ्या दिवशी कागदावर नाव लिहून पाटीखाली चिकटवलं. तासाभरात तोलोमेल्लींनी ते सोलून काढलं. "पितळेला चिकटपट्टी! उद्या रस्त्यावरच्या कमानींखाली चड्ड्या वाळत घालतील!" तिने पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा काढलं. आणि अशाच एका दुपारी, नाव काढलेलं आणि ताम्ता वर्गात असताना, नगर पोलिसातली बाई येऊन गेली.

मला ते संध्याकाळी लोरिसकडून कळलं. लोरिस म्हणजे आमच्या दाराशेजारचा कॉफीवाला. छाती फुगवून सांगत होता.

"प्रोफेसर, वाचवलं बरं का पोरीला! गणवेशातली बाई आली, विचारते, चौथ्यावर गोगि-कोणी राहते का? मी म्हटलं, मी कोणाला ओळखत नाही. कॉफी ओततो, वर बघत नाही."

"लोरिस, रोज सकाळी ती तुझ्याकडे उभी राहून कॉफी पिते."

"म्हणून तर! आपलं माणूस आहे. पोलिसाला सांगायचं का आपल्या माणसाचं?"

नोर्माबाईंनी तर कळसच केला होता. इंटरकॉमवरून त्या म्हणाल्या, चौथ्यावर माझे यजमान राहतात. पोलीसबाईने विचारलं, त्यांना भेटता येईल का? नोर्माबाई म्हणाल्या, नाही. आणि ठेवून दिला. एरवी जिन्यात एकमेकांना सलाम न करणारी माणसं त्या दुपारी एक झाली होती. महिनाभर ज्या मुलीच्या टाचा, कपडे, लसूण आणि खोकला यांवर ही इमारत जगली, तिला एकानेही कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे गणवेश दारात आला की आधी नाही म्हणायचं. प्रश्न काय होता ते मागाहून बघायचं. हे कोणी शिकवत नाही. शाळेत तरी आम्ही शिकवत नाही.

ताम्ताला कळलं तेव्हा ती लोरिसच्या काउंटरला धरून उभी होती. तिने रडायचा प्रयत्न केला, पण दम्याच्या माणसाला रडणंही परवडत नाही. पंप हलवून पाहिला, कानाशी धरला.

"आता एकच खेप उरली," ती म्हणाली. "सगळ्यांना मी माहीत आहे ना, प्रोफेसर? सगळे मला ओरडतात. मग मी इथे नाही कशी?"

मी घरोघर जाऊन सांगितलं की या वेळी हो म्हणायचंय. लोरिसने डोळा मारला. नोर्माबाईंनी विचारलं, "हो म्हटलं तर आपल्यावर काही येणार नाही ना?" तोलोमेल्लींनी दारच उघडलं नाही. दुपार होती.

ताम्ताने वर्ग सोडले आणि खिडकीत बसून राहिली. खोकला वाढला. एका शनिवारी सकाळी पंप साफ रिकामा झाला, तेव्हा ती नाइलाजाने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. पोलीसबाई अर्थातच त्याच वेळी आली.

मी लोरिसकडेच होतो. बाईने पाटी वाचली. नोटरी, जुळ्या बहिणी, सर्व्हेयर. इंटरकॉमवर पहिल्या मजल्याशी बोलली, मान हलवली आणि आमच्याकडे आत आली.

"ती मुलगी राहते का हो इथे?"

"राहते! राहते!" लोरिस ओरडला. "केव्हाची राहते! इथेच राहते! कुठे जातच नाही!"

"मागच्या वेळी तुम्ही ओळखत नव्हतात."

"आता ओळखतो."

"बाई, मी साक्ष देतो, मी इथला शेजारी आहे," मी पुढे झालो.

"शेजारी मागच्या वेळीही होते," ती म्हणाली. "आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई आता सांगतात की राहते, आणि त्यांचे यजमानही राहतात. तुमचं आधी काय ते ठरवा." तिने पेन काढलं. त्या पेनाने ती काय लिहिणार हे आम्हाला दिसत होतं, आणि तिला खोटं ठरवायला आमच्याकडे खरं असं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात चाकांची पिशवी ओढत, कोबी घेऊन तोलोमेल्ली बाजारातून आले. बाईने जाता जाता विचारलं, "तुम्ही तिसऱ्यावरचे ना? तुमच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे म्हणून लिहिते."

"रिकामा?" तोलोमेल्लींच्या हातून पिशवी सुटली. "रिकामा? मग सकाळी सहाला माझ्या डोक्यावर खुर्ची कोण ओढतं? सर्व्हेयर? टाचा कोणाच्या? माझ्या खिडकीत थेंब कोणाच्या पायजम्याचे पडतात? पिवळा पायजमा आहे, बाई, बदकांचा! परवा मांडणी पाडली, काल परात पाडली. आणि खोकला! आधी दोन बारीक, एक लांब, मग शिट्टी. रिकामा म्हणे! मला असा रिकामा फ्लॅट दाखवा, मी तिथे राहायला जातो!"

"म्हणजे रोज राहते?"

"एक दिवस सुटका नाही!"

"खात्रीने सांगता?"

"आता खोकली तर कोर्टात सांगेन!"

आणि दारात ताम्ता उभी. औषधवाल्याने चिठ्ठी नाही म्हणून परत पाठवलेली, रिकाम्या हाताची, चढावर धापा टाकत आलेली. तिने गणवेश पाहिला, काही बोलायला तोंड उघडलं आणि आधी दोन बारीक, मग एक लांब.

"हाच!" तोलोमेल्ली नाचायचे बाकी राहिले. "हाच तो! थांबा, आता शिट्टी!"

शिट्टी आली. पोलीसबाईने ताम्ताचा पासपोर्ट पाहिला, 'आढळून आली' असं लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून खाली इंजिनियर तोलोमेल्लींची सही घेतली. त्यांनी हुद्द्यासकट, ऐटीत केली. आपण मुलीला कायदेशीर रहिवासी करून ठेवलं हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बाई कॉफी पिऊन निघून गेली होती. ते नुसते कोबीकडे बघत राहिले. ताम्ताने त्यांचा हात धरून आभार मानले. असला अपमान त्यांचा बॉयलरनेही केला नसेल.

डॉक्टर मिळाला, पंप मिळाला, दोन आठवड्यांत खोकला थांबला. तोलोमेल्ली आता जिन्यात धरून सांगतात की वर हल्ली संशयास्पद शांतता असते, मुलीने फ्लॅट परस्पर कोणाला तरी दिला असावा. पितळेवर कोरणाऱ्याचं मत अजून आलेलं नाही. पाटीवर सर्व्हेयर आहेत.

मार्चमध्ये पुढच्या सभेची नोटीस निघाली. रहिवासी झाल्यामुळे ती ताम्ताच्याही दाराखालून सरकवण्यात आली. पहिली सभा पहाटे पाच वाजता, सायकलींच्या खोलीत. त्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा जिना रिकामा होता आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीची झडप बंद होती. मुलगी झोपली होती.