पाहुण्याखाली अंथरलेली घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. भरे गावच्या चावडीमागच्या खोलीत पडले आहे आणि कसर मला खाते आहे. मित्रांनो, कीव करू नका. फक्त ऐका.

सारजाबाई धनगरणीने आपल्याच मेंढ्यांची लोकर कातली. सणगराने मला विणले, चिंचोक्याची खळ लावून ताठ केले. पाऊस माझ्यावरून ओघळायचा आणि आत तिचा मुलगा सावळा कोरडा राहायचा. पुढे सावळा पलटणीत गेला. मी घरी राहिले.

बासष्ट साली चिनी सैन्य ईशान्येच्या डोंगरांत, नेफात उतरले. सावळा तिकडेच होता. हैबतराव, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढून आलेला म्हातारा, आमच्या दारात आला.

"सारजे, पोरगं सुटीवर आलं तवा अंगात काय हुतं?"

"सुतीच कापडं की, तात्या."

"मग गोळी लांब ऱ्हायली. थंडीच मारंल त्याला. इटलीच्या डोंगरात माज्या शेजारचा बहिरू बसल्या जागी गोठला. घोंगड्या धाडा!"

गावचा तरुण पुढारी जयसिंग हसला. "तात्या, ती इंग्रजाची लढाई. आता सरकार आपलं हाय. आन् हिमालय हाय की राखणीला!"

"आरं येड्या, थंडी त्याचीच हाय!"

अखेर गावाने घोंगड्या दिल्या. सारजाबाईने मला दिले. "सावळ्याच्या न्हाईतर कुणाच्याबी पोराच्या अंगावर पडंल," म्हणाली.

ट्रक आला. त्याच्याबरोबर शहरातले बडे पाहुणेही आले. मानाच्या माणसाला घोंगडीवर बसवायची आपली रीत. जयसिंगाने ट्रकात चढलेल्या घोंगड्या उतरवल्या आणि सभेत अंथरल्या. माझ्यावर एक जाडजूड गृहस्थ बसला. रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू, म्हणाला. रक्त कुणाचे, ते बोलला नाही.

भाषणे संपेनात. ट्रकवाला भोंगा वाजवू लागला.

"गाडी चालली! उठवा त्यास्नी!" सारजाबाई ओरडली.

"गप ए म्हातारे! पाहुण्याला उठवत्यात व्हय?" जयसिंग तिच्यावर धावला. "म्होरल्या गाडीनं धाडू."

इटलीत न भ्यालेला हैबतरावसुद्धा मान खाली घालून बसला. ट्रक रिकामा गेला. पुढची गाडी आलीच नाही.

लढाई थांबल्यावर सावळ्याचा सोबती गावात आला. "गोळी लागली न्हवती, मावशे. खंदकात बसल्या बसल्या गेला," असे त्याने सांगितले.

जयसिंगाने चावडीवर सावळ्याच्या नावाचा दगड बसवला. हार घातला. घोंगडी परत न्या, असे सारजाबाईला सांगितले. तिने मला हात लावला नाही. "आता कुणाला पांघरू?" म्हणाली आणि मेंढरांमागे निघून गेली.

आज पासष्ट साल आहे. सीमेवर पुन्हा लढाई पेटली आहे. तुम्ही शाळेतली मुले घोंगड्या मागत दारोदार फिरता आहात, आणि जयसिंग म्हणतो आहे, "औंदा सभा मोठी घ्यायची!"

मित्रांनो, माझी चाळण झाली आहे. माझ्यात ऊब उरली नाही. पण त्या नव्या घोंगड्या धडधाकट आहेत. मी तुमच्या पाया पडते. आधी गाडी भरा, गावाबाहेर काढा, मग हवी तेवढी भाषणे ऐका. पाहुणा रागावला तर रागावू द्या. त्याला मातीवर बसवा. मातीवर बसून कुणी मेलेले नाही.