ओलं सारवण

जाईबाईचा सुनेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि ऑपरेशनवर तर त्याहून नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरनं शकुनच्या खुब्यातलं वाढलेलं हाड दुर्बिणीतून घासून काढलं, असं तिचा लेक श्रावण सांगत होता. पण जखमा किती? तीन. अन् त्याही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या!

"तीन भोकांतून कोठं हाड घासलं जाते का रे बाप्पा?" ती लेकाला विचारी. "बायकोनं सांगतलं अन् तू आयकलं."

महिना झाला, शकुन कुबड्यांवर चालत होती. अजून दोन महिने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जेवायलाही खुर्ची. कापसानं लागोपाठ तीन वर्षं दगा दिल्यावर घर शेवंतीवर तगलं होतं, दसरा तोंडावर आलेला, आणि सूनबाई खुर्चीत! जाईबाईच्या अंगाचा तिळपापड होई. आपली पाठ वळली की ही कुबड्या फेकून घरभर हिंडत असणार, याची तिला पक्की खात्री होती.

"फुलं तोडाच्या वक्तालेच तुले दुखते," काल ती तोंडावर बोलली. शकुन गप्प राहिली. तेही जाईबाईला खटकलं. खरं दुखणारं माणूस भांडतं.

म्हणून आज पातूरच्या बाजाराला निघताना तिनं मुद्दाम अंगण सारवलं, उंबऱ्यापासून शेवंतीच्या वाफ्यापर्यंत, नेहमीपेक्षा जाड आणि ओलं. ओल्या शेणावर पाऊल लपत नाही. कुबडीची खूण दिसली नाही, की श्रावणाला हाताला धरून दाखवायचं.

परतली ती खाली बघतच. कुबड्यांच्या खुणा होत्या, थेट वाफ्यापर्यंत. तिथं दोन टाचा शेजारी शेजारी रुतल्या होत्या. शकुन उकिडवी बसली होती. टोपलीत जेमतेम ओंजळभर फुलं, कुबड्या तिथंच पडलेल्या. परतीच्या वाटेवर पाऊल नव्हतंच. तळहात होते, एक गुडघा होता, आणि दुसरा पाय ओढत नेल्याचा लांब पट्टा.

जाईबाई तशीच घरात धावली.

आत शकुन भिंतीकडं तोंड करून पडली होती, हात शेणानं माखलेले. "बसली मी आई," ती म्हणाली, "पण उठताच नाई आलं."

तेवढ्यात मळ्यातून श्रावण आला. सगळं पाहून ओरडला, "कोणं बसाले सांगतलं होतं इले?"

"कोणीच नाई," शकुन म्हणाली. "माह्या मनानंच बसली."

जाईबाईला ते ऐकवेना. ती पुढं झाली.

"शकुन खोटं बोलून राहिली," ती म्हणाली. "म्या बसवली तिले."