गळ्यापाशी काळी बोटं

मंदाबाईनं कुर्त्याच्या गळ्यापाशी गोडं तेल चोळलं, वर मूठभर धानाचा कोंडा दाबला आणि काळं ऑईल त्यात उतरायची वाट बघत ती न्हाणीच्या दगडावर बसली. घरात तिची लेक खुशबू तापानं फणफणत झोपली होती. सकाळी ती सानगडीहून, सासरहून, एकटीच निघून आली होती आणि आल्याबरोबर आडवी झाली. मंदाबाईनं तिचे कपडे बदलले, तेव्हा पिवळ्या कुर्त्यावर गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळी बोटं उमटलेली आणि खाली गळा सुजलेला दिसला. जावई ईश्वर ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करी. बोटं कुणाची, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मंदाबाईचा जीव तुटला. पण ती पडली ढिवराची बाई. मासळीच्या रक्ताचं लुगडं धुतल्याशिवाय तिनं कधी उंबऱ्याच्या आत नेलं नव्हतं. डाग दिसला की तिचे हात आपोआप चालू होत. केळीचा चीक, हळद, पान, काय म्हणाल ते ती काढी. गावातल्या बाया लग्नातल्या साड्या तिच्याकडे बिनघोर टाकून जात. शिवाय पोरगी आज ना उद्या परत जाईल, चार लोकांत हे कशाला दिसायला हवं, असंही तिच्या मनात होतंच. कोंडा झटकून तिनं सोड्याच्या ऊन पाण्यात कुर्ता घासघासून धुतला. दुपार कलली तेव्हा तो दोरीवर पिवळाधमक वाळत होता.

खुशबू उठली आणि दोरीकडे बघत उभीच राहिली.

"आई, कुर्ता धुतला का तू?"

"हो ना. लय चिवट होता डाग. आता पाय, नवाकोरा."

"काहून धुतला व? तोच त पंचाले दाखवाचा होता मले! म्हणून त तसाच अंगावर घालून आली मी."

मंदाबाईनं कुर्ता दोरीवरून ओढला आणि ती गळ्यापाशी डाग शोधू लागली.

रविवारी समाजमंदिरात पंच बसले. तोवर खुशबूच्या गळ्याची सूज उतरली होती. ईश्वर इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सगळ्यांच्या पाया पडला.

"म्या हातच नाही लावला जी," तो म्हणाला.

"यानं गळा दाबला माहा. कुर्त्यावर याची बोटं होती," खुशबू म्हणाली.

पंचांमधले वडीलधारे यादोराव. त्यांनी कुर्ता मागवला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"यात त काहीच नाही, पोरी."

मंदाबाई बायांमधून उठली. भरल्या बैठकीत ती जन्मात बोलली नव्हती. "होती जी! दोन्हीकून होती. म्याच काढली, माह्या हातानं."

"मायचा जीव हाये, बोलनच," यादोराव समजुतीनं म्हणाले. मंदाबाईनं बायांकडे पाहिलं. तिच्याकडून साड्यांचे डाग काढून घेणाऱ्या त्या बाया पदर सावरू लागल्या. तिच्या नवऱ्यानं, तुलारामनं, दंड धरून तिला खाली बसवलं.

एक डाव जाऊन पाहा, असं पंचांनी खुशबूला सांगितलं. तिनं पिशवी उचलली. मंदाबाई दारापर्यंत धावली.

"नोको जाऊ बाई. मी पायतो काय होते ते."

"आता कायले?" खुशबू म्हणाली आणि पायरी उतरली.

बाहेर ईश्वरनं मोटरसायकल चालू केली होती. खुशबू जवळ येताच त्यानं हँडलला अडकवलेलं फडकं काढलं आणि मागची सीट नीट पुसली.

"थांब, कपड्याले डाग लागन," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

यादोरावांनी समाधानानं मान डोलावली. खुशबू मागे बसली.