क्लिफर्डने लावलेले फाटक

मी एक जुने फाटक आहे, ओकच्या पाच आडव्या फळ्यांचे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगायचे बरेच दिवस मनात होते. पण सांगायला तोंड उघडले की लाज वाटायची. आज सांगूनच टाकते.

यॉर्कशरच्या कुरणांतून एक पायवाट जाते. तिच्या एका टोकाला थॉर्नबेकचा मठ, दुसऱ्या टोकाला एल्डरवेलचा. वाट सहा मैलांची, फारसा चढ नाही की उतार नाही. दोन्ही मठांची छपरे केव्हाच गेली आणि आता कमानींत कावळे नांदतात. तरी माणसे एका मठाकडून दुसऱ्या मठाकडे चालत जातात. कुणी प्रार्थना म्हणत जाते, कुणी गुडघे मोकळे करायला जाते, आणि बरेच जण एल्डरवेलला चहाबरोबर मिळणाऱ्या आल्याच्या केकसाठी जातात. या वाटेच्या मध्यावर, दगडी बांधात मी उभे आहे. माझ्या एका बाजूला हिल्डा राइस्ट्रिकबाईंचे कुरण, दुसऱ्या बाजूला गाडीरस्ता आणि त्यापलीकडे ओढा.

मला अमोस सुताराने घडवले. तो मला रंधा मारता मारता म्हणायचा, "फाटकाला कामं दोनच. उघडायचं आणि बंद राहायचं. उघडणं काय, कुणालाही जमतं!" त्याने माझी लोखंडी कडी अशी बसवली की नुसते ढकलले तरी ती खांबावरच्या खाचेत टक् करून पडायची. तो आवाज ऐकून यात्रेकरू म्हणत, "वा, याला म्हणतात फाटक!" मला फार अभिमान वाटे.

आमच्याकडे वाटसरूंचा एक नियम आहे. फाटक जसे मिळेल तसेच ठेवायचे. बंद मिळाले तर बंद करायचे, उघडे मिळाले तर उघडेच सोडायचे. कारण कधी कधी मेंढ्यांना पाण्यावर जाता यावे म्हणून मालक मुद्दामच फाटक उघडे ठेवतात. नियम चांगला आहे. पण तो फाटकाच्या इमानावर चालतो, मित्रांनो, आणि तिथेच मी कमी पडले.

दर मंगळवारी या वाटेने क्लिफर्ड आयव्हसन येत असे. चाळीस वर्षे त्याने या खोऱ्यात टपाल वाटले. बायको गेल्यापासून तो थॉर्नबेकहून निघून एल्डरवेलला जाई, तिथे तिच्या नावाने एक मेणबत्ती लावी आणि त्याच वाटेने परत येई. सप्टेंबरात एकदा त्याने मला लावले, मग भुवया उंचावून पुन्हा हलवून पाहिले. खांबावरची खाच झिजली होती. हिल्डाबाई कुरणातच होत्या, आणि बांधापलीकडे शेजारचा सेथ काम करत होता.

"हिल्डा, पोरी, याची कडी नीट धरत नाही गं. वारा सुटला की निसटेल."

"बघते हो पुढच्या आठवड्यात, क्लिफर्डकाका. आत्ता लोकर कातरलेली पडलीय सगळी."

पुढचा आठवडा गेला. हिवाळाही गेला. एप्रिल आला आणि हिल्डाबाईंनी कोकरे झालेल्या मेंढ्या माझ्या कुरणात सोडल्या. त्यांत मेबल होती. लहानपणी बाटलीने दूध पाजून हिल्डाबाईंनी तिला वाढवले होते आणि आता तिला दोन जुळी कोकरे झाली होती.

त्या मंगळवारी सकाळी क्लिफर्ड आला. त्याने मला लावले, कडी पडल्याचा आवाज ऐकला आणि तो गेला. तासाभराने वारा उठला. माझी कडी खाचेतून घसरली. मी थांबायचा प्रयत्न केला, पण फाटकाला हात नसतात. मी सताड उघडे झाले.

मग सहा बायकांचा एक गट आला. पुढची माझ्यावरची पाटी वाचू लागली, "जसे मिळेल तसेच ठेवा." मागची म्हणाली, "उघडं मिळालं, उघडंच राहू दे. उगाच हात लावू नकोस हं, मॉरीन, मागच्या खेपेला तू बंद केलंस आणि तो शेतकरी किती ओरडला!" सगळ्या हसल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्यानंतर एक जोडपे आले, मग एक पाद्री आले. सगळे भले, सगळे नियम पाळणारे. एकानेही मला लावले नाही. आणि त्यांच्या मागून, एकेक करत, मेंढ्या बाहेर पडल्या.

दुपारी हिल्डाबाई आणि सेथ मेंढ्या हाकत परत आले. मेबल नव्हती. ती फुगलेल्या ओढ्यात वाहून गेली होती. तिची कोकरे माझ्यापाशी येऊन ओरडत उभी राहिली. तेवढ्यात एल्डरवेलहून परतणारा क्लिफर्ड आला.

"सकाळी सगळ्यात आधी तूच गेलास ना?" सेथने विचारले. "त्या बायका सांगत होत्या, फाटक उघडंच होतं म्हणून."

"मी लावलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. "चाळीस वर्षं टपाल वाटलं मी, सेथ. फाटक लावल्याशिवाय पाऊल पुढे टाकलं नाही."

"तेव्हा तू म्हातारा नव्हतास!"

हिल्डाबाईंचे डोळे लाल होते. "काका, खरं सांगा. नक्की आठवतंय तुम्हाला?"

क्लिफर्डने माझ्याकडे पाहिले. मी एक शब्द बोलू शकत नव्हते. "लावलं होतं," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "मला वाटतं, लावलं होतं." त्याने टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "माफ कर, पोरी."

त्यानंतर तीन मंगळवार तो आला नाही. मेबल तर माझ्यामुळे गेलीच, पण त्याहून वाईट मला याचे वाटत होते की एका सरळ माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी घालवला होता.

तीन आठवड्यांनी हिल्डाबाई एक कोकरू काखेत घेऊन आल्या. त्यांनी मला लावले, कडी पडली. सेथशी बोलत त्या तिथेच उभ्या राहिल्या. वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मी उघडले.

सेथने कडी हलवून पाहिली. मग सेथ खाली बघत पुटपुटला, "सप्टेंबरात सांगितलं होतं त्यानं तुला. मीच ऐकलं होतं. आणि तरी मी..."

"बोलू नकोस," हिल्डाबाई म्हणाल्या. "जा, हातोडी आण."

त्याच दुपारी खांबावर नवी खाच बसली. दुसऱ्या दिवशी हिल्डाबाई क्लिफर्डला गाडीत घालून माझ्यापाशी घेऊन आल्या. काय घडले ते त्यांनी सगळे सांगितले, स्वतःची टाळाटाळही लपवली नाही. क्लिफर्डने एकच विचारले, "म्हणजे मी लावलं होतं?"

"लावलं होतं, काका."

त्याने माझी वरची फळी दोन्ही हातांनी धरली. बराच वेळ धरली. "मी डॉक्टरकडे जाऊन आलो गं यापायी," तो म्हणाला. "त्यानं मला पंतप्रधानांचं नाव विचारलं. म्हटलं, ते विसरलो तर बरंच वाटेल मला!" हिल्डाबाई हसता हसता रडल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी एखादी कडी सैल झाली असेल, एखादी खीळ निघाली असेल आणि कुणी ते दाखवले असेल, तर पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आणि काही बिघडले, तर सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी कडी एकदा हलवून बघा.

क्लिफर्ड आता पुन्हा दर मंगळवारी येतो. मला लावतो, टक् असा आवाज होतो, तो पुढे जातो. वीसएक पावले गेला की थांबतो, परत येतो आणि मला हलवून पाहतो. पूर्वी तो कधीच मागे वळत नसे. मी घट्ट बंद असते, तरी तो पुन्हा एकदा हलवून पाहतो. तेव्हा, मित्रांनो, त्याच्या डोळ्यांकडे बघायचे धाडस मला होत नाही.